फुकटच्या व्हिडिओंवरून शिकताय? मग निदान या चुका तरी टाळा

दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच, "अमुक विषयासाठी चांगलं चॅनल सांग ना." मी सांगतो. महिन्याभराने तोच माणूस परत येतो, "ते काही जमलं नाही रे, दुसरं सांग." आता मी दुसरं सांगत नाही, आधी वही दाखव म्हणतो. वही नसतेच.

फुकट मटेरियल कमी आहे म्हणून कोणी अडलंय असं मी तरी अजून बघितलेलं नाही. एमआयटीने २००१ मध्ये आपले कोर्स सगळ्यांसाठी खुले करायचं जाहीर केलं, आज त्यांच्या ओपनकोर्सवेअरवर अडीच हजारांच्या वर कोर्स पडून आहेत. खान अकॅडमी आहे, हार्वर्डचा सीएस-फिफ्टी हा कॉम्प्युटर सायन्सचा कोर्स आहे, फिजिक्स-केमिस्ट्रीचे प्रयोग स्क्रीनवर करून बघायला फेट आहे, पुस्तक हवं असेल तर ओपनस्टॅक्स आहे. घोळ होतो तो आपण हे वापरतो कसं त्यात.

बघून झालं म्हणजे शिकून झालं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि मी स्वतः केलीय म्हणून जरा पसरून लिहितो.

एमआयटीत गणित शिकवलेल्या गिल्बर्ट स्ट्रँग यांची लिनिअर अल्जिब्राची (अनेक समीकरणं एकत्र सोडवायचं गणित) लेक्चर्स मी पूर्ण बघितली, चौतीस-पस्तीस आहेत. जेवण झालं की उशीला टेकून रोज एक, सिरियल बघावी तसं. माणूस शिकवतो पण असा की फळ्यावर खडू चालू असताना आपल्याला वाटत राहतं की पुढची ओळ आपल्यालाच सुचली होती. महिना-दीड महिन्यात संपवली, चार लोकांना सांगूनही झालं. मग त्याच कोर्सचा प्रॉब्लेम सेट, म्हणजे सरावाचे प्रश्न, उघडला आणि पहिल्याच पानावर बसलो तो बसलोच.

परत लेक्चर एकवर गेलो. तिथलं उदाहरण अगदी साधं आहे, २एक्स − वाय = ० आणि −एक्स + २वाय = ३, उत्तर एक्स १, वाय २. तो आधी दोन रेषा काढून दाखवतो, मग म्हणतो हेच कॉलम्सच्या नजरेने बघा, एक्सच्या आधीचे आकडे हा पहिला कॉलम (२, −१), वायच्या आधीचे हा दुसरा (−१, २), पहिला एकदा घ्या, दुसरा दोनदा घ्या, बेरीज (०, ३) येते. मला हे शंभर टक्के समजलं होतं! व्हिडिओ बंद केला आणि आकडे बदलून करून बघितलं: २एक्स − वाय = १, एक्स + वाय = ५. उत्तर २ आणि ३, ते आलं. मग कॉलम्सची बेरीज केली तर (१, ५) यायच्या ऐवजी (७, १) आली. अर्धा तास त्या ७ कडे बघत बसलो. शेवटी ट्यूब पेटली की मी कॉलम्स म्हणून ओळी घेतोय, म्हणजे (२, −१) आणि (१, १), घ्यायला हवे होते (२, १) आणि (−१, १). आणि हे महिनाभर लक्षात का नाही आलं, तर लेक्चरमधल्या उदाहरणात ओळी आणि कॉलम्स सारखेच आहेत, तिथे चुकलं तरी उत्तर बरोबर येतं. नुसतं बघत राहिलो असतो तर जन्मात कळलं नसतं.

हा माझ्याच डोक्याचा दोष नाही बरं का. २०१८ मध्ये यावर एक संशोधन छापून आलं, लोकांना टेबलावरचं कापड झटक्यात ओढणं, डार्ट फेकणं, मूनवॉक असल्या गोष्टींचे व्हिडिओ दाखवले. एकदा बघणाऱ्यांपेक्षा वीसवीस वेळा बघणाऱ्यांना "मला जमेल" असं जास्त वाटत होतं, आणि प्रत्यक्ष करायला लावल्यावर मात्र त्यांना काही जास्त जमलं नाही.

माझी सवय आता अशी आहे: शिकवणारा "बरोबर" (=) चिन्ह लिहितो तिथे पॉज. कॉम्प्युटरवर यूट्यूब असेल तर 'के' दाबलं की थांबतं, 'जे' दाबलं की दहा सेकंद मागे जातं, ही दोन बटणं माझ्या कीबोर्डवर पुसली गेलीत. पुढची ओळ मी आधी वहीत लिहितो, मगच त्याची बघतो. पन्नास मिनिटांच्या लेक्चरला दोन तास लागतात, लागू देत. दुसऱ्या दिवशी सकाळी कोरं पान घेऊन कालचं आठवेल तेवढं लिहायचं, व्हिडिओ न उघडता. या बाबतीत २००६ चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे, उतारा परत परत वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुढे होते, पण आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे गेले. हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो, कारण त्यांना टू-एक्स स्पीडवर उरकायचं असतं. टू-एक्सवर मीही बघतो, पण येत असलेल्या गोष्टीची उजळणी म्हणून.

"काय भारी समजावलंय"

गुळगुळीत व्हिडिओची मला आता भीतीच वाटते. व्हेरिटासियम या विज्ञानाच्या यूट्यूब चॅनलवाले डेरेक मुलर, त्यांची पीएचडीच फिजिक्सच्या व्हिडिओंवर आहे. त्यांना दिसलं ते असं की स्वच्छ, सरळ समजावलेला व्हिडिओ बघून मुलं म्हणाली एकदम क्लिअर आहे, आणि मार्क जवळजवळ तेवढेच राहिले. ज्या व्हिडिओत आधी लोकांचे चुकीचे समज बोलून दाखवले होते तो मुलांना गोंधळाचा वाटला, पण सुधारणा त्यांच्यातच झाली. म्हणून प्ले दाबायच्या आधी आपला अंदाज लिहून ठेवायचा. चेंडू वर फेकलाय, हातातून सुटलाय, अजून वर चाललाय, त्यावर बल कुठल्या दिशेला? बहुतेक जण वर म्हणतात. हवेचा विरोध सोडला तर फक्त गुरुत्वाकर्षण आहे, म्हणजे खालीच. लिहून ठेवलेलं नसेल तर व्हिडिओ संपल्यावर आपण खुशाल म्हणतो, "हो, हेच वाटलं होतं मला."

आणि अ‍ॅनिमेशन छान आहे म्हणजे माहिती बरोबर आहे असं नसतं. विमानाच्या पंखावरची हवा आणि खालची हवा मागच्या टोकाला एकाच वेळी पोचायला हवी म्हणून वरची जोरात जाते, हे कित्येक चकचकीत व्हिडिओंत आहे आणि साफ चूक आहे, अशी काही सक्तीच नाही. वरची हवा उलट आधीच पोचते. नवीन विषयात मी तीच गोष्ट पुस्तकात एकदा ताडून बघतो.

तारीख न बघणं

रात्री अकराला मेसेज, "व्हिडिओत आहे तसाच कोड टाइप केलाय, चालत नाहीये, दोन दिवस झाले, पायथन तीनदा काढून परत टाकलं." स्क्रीनचा फोटो मागवला. प्रिंटच्या पुढे कंस नाहीत, सरळ अवतरण चिन्हं. म्हटलं व्हिडिओ कधीचा आहे? बघितलंच नव्हतं. तो पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं जुनं व्हर्जन, पायथन टू, शिकवत होता आणि याच्याकडे पायथन थ्री. टूचा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला बंद झालाय.

कंसाचं तरी बरं, एरर येते. पण पाच भागिले दोन केलं तर टूमध्ये उत्तर २ येतं आणि थ्रीमध्ये २.५, तिथे एरर बिरर काही नाही, उत्तर गुपचूप वेगळं. असं कुठे अडकलात तर आधी व्हर्जन बघा, इन्स्टॉलेशनला नंतर हात लावा.

म्हणजे जुनं सगळं फेका असंही नाही हां. स्ट्रँगची ती लेक्चर्स १९९९ ची आहेत आणि गणिताला काही होत नाही. विषय बघायचा. ग्रहमालेचा व्हिडिओ २००६ च्या आधीचा असेल तर त्यात प्लूटो ग्रह असणार. किलोग्रॅम म्हणजे धातूचा ठोकळा असं सांगणारा मे २०१९ च्या आधीचा असणार, आता तो प्लँकच्या स्थिरांकावरून, म्हणजे फिजिक्समधल्या एका कायम न बदलणाऱ्या आकड्यावरून, ठरतो. आवर्त सारणीत ११८ वर ओगानेसन नाव नसेल तर ती २०१६ मध्ये नावं ठरायच्या आधीची.

प्लेलिस्टी जमवणं

सेव्ह केलेले चारशे व्हिडिओ म्हणजे अभ्यास नाही, साठेबाजी आहे. "बेस्ट" शोधण्यात महिना घालवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, कारण तेवढ्यात ठीकठाक कोर्सही निम्मा झाला असता. माझी गाळणी एकच: सराव आधी बघायचा, व्हिडिओ नंतर. ओपनकोर्सवेअरवर बऱ्याच कोर्सला असाइनमेंट्स आणि जुन्या परीक्षा असतात, काहींना उत्तरंही, सीएस-फिफ्टीचे प्रॉब्लेम सेट फुकट आहेत, खान अकॅडमीत बहुतेक धड्यांना प्रश्न असतात. सोडवायला काहीच नाही असा कोर्स मी उघडतच नाही, शिकवणारा कितीही गाजलेला असो. सर्च करतानाही टॉपिकच्या नावापुढे 'प्रॉब्लेम सेट' किंवा 'एक्झाम सोल्युशन्स' जोडा, निम्मा कचरा तिथेच गळतो.

बाकीच्या किरकोळ. मधलाच व्हिडिओ उघडून "काही कळत नाही" म्हणू नका, प्लेलिस्टचा पहिला भाग कुठला ते बघा. ऑटो-कॅप्शन आकडे आणि सूत्रं खातात, फळ्याकडे बघा. एका मिनिटाच्या क्लिपने कुतूहल वाढतं, तेवढंच. सर्टिफिकेटचे पैसे पहिल्याच दिवशी भरू नका, आधी दोन आठवडे टिकताय का ते बघा. आणि हवं ते वाक्य शोधायला पूर्ण व्हिडिओ परत कशाला बघायचा, डिस्क्रिप्शनखाली ट्रान्सक्रिप्ट असेल तर त्यात शब्द शोधा, वेळ सापडते.

शेवटची, मला वैयक्तिक छळणारी. "हा व्हिडिओ समजला नाही" असा मेसेज. चाळीस मिनिटांतलं काय नाही समजलं? विचारायचं तर नीट विचारा: लिंक, अडलात ते मिनिट-सेकंद, आणि तिथपर्यंत वहीत काय लिहिलंय त्याचा फोटो. निम्म्या लोकांना तो फोटो काढतानाच आपली चूक दिसते आणि मेसेज येतच नाही. ज्यांच्याकडे फोटो काढायला पानच नसतं, त्यांना मी दुसऱ्या दिवशी उत्तर देतो.