घोटा सुजला तेव्हा कळलं

कुंग फूसोबत उपचारही शिकायचे, हे खूळ माझ्या डोक्यात वाँग फेई-हुंगमुळे शिरलं. हुंग गार या कुंग फू शैलीचा हा नावाजलेला गुरू पो ची लाम नावाचा दवाखानाही चालवायचा. दक्षिण चीनमधले जुने गुरू मुका मार, मुरगळणं, निसटलेला सांधा यांवर स्वतःच इलाज करत. त्या विद्येला 'दिट दा' म्हणतात. म्हटलं, आपल्याकडेही कोणीतरी असेलच. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडून वाशी, नेरुळ, बेलापूर पालथं घातलं.

एका क्लासमध्ये सर म्हणाले, "आमच्याकडे हीलिंगपण आहे." झालं, मी भुलले. तिसऱ्या महिन्यात उडीवरून उतरताना घोटा मुरगळला. सरांनी तिथल्या तिथे गरम तेलाने रगडून रगडून चोळला. "ची मोकळी होतेय, चालत जा." ची म्हणजे चिनी कल्पनेतली शरीरातली प्राणशक्ती. ठाणे स्टेशनचा जिना मी रडत चढले. दुसऱ्या दिवशी एक्स-रेत हाडाला बारीक चीर. मग सहा आठवडे प्लास्टर.

चीर चोळण्याने पडली नव्हती. पण ताज्या दुखापतीत आत रक्त झिरपत असतं, तेव्हा शेक आणि रगडणं दिलं की सूज वाढते. त्या वेळी पाय उंच ठेवायचा, फडक्यात गुंडाळून बर्फ लावायचा. चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याचं हाड मागच्या कडेला दाबल्यावर कळ येत असेल, तर सरळ एक्स-रे. चोळायची पाळी फार नंतर येते. म्हणून ट्रायल क्लासला फी विचारण्याआधी हे विचारा: "सर, इथे कोणाला लागलं तर पहिल्या दहा मिनिटांत काय करता?" उत्तरात 'ची' आधी आणि डॉक्टर शेवटी आला, की चपला घाला.

दोन दिवसांच्या हीलिंग सर्टिफिकेटवर तर माझा काडीचा विश्वास नाही. आणि दिट दा जाव, म्हणजे दारूत मुरवलेल्या वनस्पतींचं ते चोळायचं औषध, घरी करायला जाऊ नका. काही पाककृतींत विषारी बचनाग असतो. जखमेवर लावायचं नाही, प्यायचं तर मुळीच नाही.

पण घाबरून घरी बसू नका हो. बादुआनजिन या चिनी व्यायामाच्या आठ हालचाली जागेवर उभं राहून होतात, गुडघे कुरकुरणाऱ्यांनाही जमतात. मी प्लास्टर सुटल्यावर, फिजिओ मॅडमना विचारून, उपवन तलावाच्या काठावर तिथूनच परत सुरुवात केली. आता ताई ची शिकवणाऱ्या एका काकांकडे जाते. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा एक्स-रे मागितला, उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, "यातलं मला काही कळत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी आण, मग उभी राहा."