युद्धकाळातले काल्पनिक दुहेरी इंजिनांचे नौदल विमान घरी कसे घडवावे

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले, विमानवाहू नौकेवरून उडणारे आणि दोन इंजिनांचे लढाऊ विमान स्वतःच्या कल्पनेतून १:७२ प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या मॉडेलच्या रूपात घडवायचे असेल, तर रेखाटनाची सुरुवात नाकाडापासून न करता नौकेच्या लिफ्टपासून करावी. कारण लिफ्टवर आणि डेकखालच्या हँगरमध्ये जे मावत नाही, ते विमान कितीही देखणे असले तरी नौदलाच्या उपयोगाचे नसते. नोव्हेंबर १९४३ मध्ये प्रथम उडालेल्या ग्रुमन टायगरकॅट या अमेरिकन नौदलाच्या दोन इंजिनांच्या लढाऊ विमानाची रुंदी पंख पसरून सुमारे १५.७ मीटर आणि दुमडून ९.८ मीटर होती, म्हणजे आपल्या प्रमाणात २१.८ आणि १३.६ सेंटिमीटर. ही दोन मापे कागदावर आधी आखावीत.

त्यानंतर इंजिने. टायगरकॅटला होते तसे अठरा सिलिंडरचे डबल वास्प इंजिन निवडल्यास त्याचा व्यास प्रमाणात १८.६ मिलिमीटर येतो. त्याभोवतीच्या आवरणाचे वर्तुळ आखायला २०११ च्या मालिकेतले एक रुपयाचे, सुमारे २२ मिलिमीटरचे नाणे अगदी नेमके बसते. प्रोपेलर ४ मीटरचा आणि धड १.४ मीटर रुंद धरले, तर पाते धडाला घासू नये म्हणून मॉडेलवर इंजिनाचा मध्य विमानाच्या मध्यरेषेपासून किमान ४ सेंटिमीटर दूर ठेवावा लागतो. हे अंतर याहून फार वाढवू नये, असे माझे ठाम मत आहे. उतरताना वेग कमी असतो, त्यात एक इंजिन बंद पडले की दुसरे विमानाला बाजूला खेचते आणि तो ओढा रोखण्याइतका जोर रडरला, म्हणजे शेपटीच्या उभ्या पंखावरच्या सुकाणूला उरत नाही. टायगरकॅट सुरुवातीच्या नौका-चाचण्यांत नापास झाले, त्याचे एक कारण हेच होते. म्हणून शेपटीचा उभा पंख डोळ्यांना किंचित अवजड वाटेल एवढा मोठा करावा. ब्रिटिश नौदलाच्या सी हॉर्नेट विमानाप्रमाणे दोन्ही प्रोपेलर परस्परविरुद्ध फिरणारे दाखवायचे असतील, तर दोघांच्या पात्यांचा पीळ आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा द्यायला विसरू नये.

धड बाल्सा लाकडात कोरावे, लाकडाच्या रेषा पुट्टीने बुजवून ४०० आणि मग ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावे. पंख मात्र १ मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिक शीटचे दोन थर चिकटवून करावेत, म्हणजे बिजागरीसाठी कडेला छिद्र पाडता येते. डोके कापलेली टाचणी त्या छिद्रात आडवी बसवावी, गोंदाचा थेंब तिच्या फक्त एकाच टोकाला लावावा आणि पंख न अडकता दुमडतो हे पाहावे. पुठ्ठ्यात १३.६ सेंटिमीटर रुंदीची चौकट कापून दुमडलेले विमान तिच्यातून पार करावे. ते अडकले, तर रंग देण्यापूर्वीच बिजागरी धडाच्या दिशेने सरकवावी.

रंगासाठी १९४४ पासून अमेरिकन नौदलात रूढ झालेला चकचकीत गडद निळा शोभून दिसतो. घोडबंदर रोडवरच्या आमच्या बाल्कनीत मी जुलैत स्प्रेने लॅकर मारला होता आणि हवेतल्या दमटपणामुळे अख्ख्या डाव्या पंखावर दुधाळ साय धरली. तो पंख पूर्ण घासून पुन्हा रंगवावा लागला. ठाण्याच्या पावसाळ्यात ॲक्रिलिक रंगाचे पातळ हात ब्रशने द्यावेत आणि स्प्रेचा डबा दसऱ्यानंतरच उघडावा.