बँडमध्ये वाजवता वाजवता प्रोड्युसर कसं व्हायचं

गिटार बरी वाजते, पाच-सहा गाणी लिहून झालीत, आता रेकॉर्ड कोण करून देणार, असं विचारणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं की पहिली चार तुम्हीच करा, बेक्कार झाली तरी चालेल. बॉस्टन बँडच्या टॉम शोल्झने १९७६ चा पहिला अल्बम बराचसा घराच्या तळघरात केलेला, तो पण टेपवर, तेव्हा कुठे अनडू होतं.

आधी गाणं. फक्त गिटार आणि आवाज, फोनवर रेकॉर्ड करा आणि दोन दिवस त्याला हात लावू नका. मग ऐका, आणि ऐकताना जिथे आपोआप फोन स्क्रोल करावासा वाटतो तो तुकडा उडवा. रॉकवाल्यांचा इंट्रो तर हमखास दुप्पट लांब असतो, माझाही. टेम्पो गाऊन ठरवायचा, रिफ (गिटारचा परत परत येणारा तुकडा) वाजवून नाही, नाहीतर शब्द तोंडात मावत नाहीत. पट्टी गाणाऱ्याच्या सोयीची, गिटारिस्टला कुठली कॉर्ड सोपी पडते ते राहू दे बाजूला.

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये २४ बिट (आवाज किती बारकाईने साठवायचा ते सेटिंग) ठेवा आणि लेव्हल उणे १० डीबीच्या आसपास (शून्य म्हणजे कमाल), लाल दिवा लागेपर्यंत चढवायची गरज नाही. तारा आदल्या दिवशी बदला म्हणजे ताणल्या जाऊन सेट होतात. गिटारच्या अँपसमोर एसएम ५७ सारखा साधा डायनॅमिक माइक पुरतो, पण तो कुठे लावता यावर सगळं आहे. स्पीकरच्या बरोबर मध्यावर धरला की आवाज कानात टोचतो, तिथून दोन बोटं कडेला सरकवला की आवाज लगेच मऊ, उबदार होतो. एकाने वाजवायचं, दुसऱ्याने हेडफोन घालून माइक सरकवत बसायचं, ही पंधरा मिनिटं नंतरच्या तीन तासांच्या इक्यूपेक्षा (आवाजातला जाड-बारीकपणा कमी-जास्त करण्यापेक्षा) भारी.

गेन (अँपवरचं आवाज फाटवणारं बटण) मात्र कमी ठेवा हो. मी पहिल्या गाण्यात गेन फुल्ल करून चार गिटारी एकावर एक चढवल्या आणि शेवटी मधमाशांचं पोळं उठल्यासारखं काहीतरी झालं, ड्रम्स गायब! दोन पुरेत, एक डावीकडे एक उजवीकडे, पण दुसरी खरंच परत वाजवायची, कॉपी-पेस्ट केली तर दोन्हीकडे तेच असतं म्हणून कानाला ती मधोमध एकच ऐकू येते, रुंदी शून्य.

आता प्रोड्युसर म्हणजे नुसती बटणं फिरवणारा नाही. प्रोड्युसर बुच विग स्वतः ड्रमर, १९९१ मध्ये निर्वाणा बँडचा अल्बम करताना त्यांचा गायक कर्ट कोबेन, आवाज जाड व्हावा म्हणून, तीच ओळ दुसऱ्यांदा गायला तयार नव्हता, तर याने सांगितलं की जॉन लेननसुद्धा असंच करायचा, आणि गडी तयार झाला. समोरचा कशाने पटतो ते ओळखायचं, अर्धं काम इथेच आहे.

मिक्स (सगळ्या वाद्यांचे आणि गाण्याचे आवाज एकत्र जुळवणं) हळू आवाजात करा, मग फोनच्या स्पीकरवर ऐका, तिथे गाणाऱ्याचा आवाज आणि स्नेअर ड्रम ऐकू आले की बास. लिमिटर (मोठे आवाज दाबून अख्खं गाणं मोठं करणारं प्लगइन) लावून चेपू नका, स्पॉटिफायसारखी ॲप्स सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसला (गाणं कानाला किती मोठं वाटतं त्याचं माप) आणून ठेवतात, चेपून हाती काही लागत नाही.

आणि कागद. गाण्याची रचना आणि त्याचं रेकॉर्डिंग हे दोन वेगळे हक्क आहेत, त्यामुळे कोणाचे किती टक्के ते गाणं पूर्ण झालं त्याच दिवशी लिहून सह्या घ्या, मैत्री आहे म्हणून तर आधी घ्या. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी कोड, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, लागतो, १२ अक्षरं-आकड्यांचा, रिलीज करणारे डिस्ट्रिब्युटर बहुतेक तो देतातच.

दुसऱ्यांची कामं यायला लागली की फी घ्यायची की रॉयल्टीत वाटा हे आधीच बोला. अमेरिकन रेकॉर्डिंग इंजिनिअर स्टीव्ह अल्बिनी रॉयल्टी घ्यायचाच नाही, फक्त ठरलेली फी, अगदी मोठ्या बँडकडूनही. नवख्याला मी पण तेच सांगेन, निम्मी फी आधी, आणि फायनल फाईल बाकीचे पैसे आल्यावरच.