माळवदाच्या जुन्या घराला मागे खोली काढताना

जुन्या गल्लीतल्या घरांच्या दोन्ही बाजूच्या भिंती सामाईक आणि पुढे रस्ता, त्यामुळे वाढायला जागा उरते ती परसात नाहीतर वर. माळवदावर, म्हणजे लाकडी तुळयांवरच्या मातीच्या सपाट छतावर, खोली चढवायचा विचार मात्र सोडूनच द्या. दीड फूट मातीचं वजन चौरस फुटाला साधारण 70 किलो भरतं. म्हणजे 10 बाय 12 च्या खोलीवर आठ टनांहून जास्त ओझं आधीच आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागातल्या भूकंपात माणसं गेली ती बहुतेक दगडमातीच्या भिंती आणि हेच ओझं अंगावर येऊन. म्हणून आधी जुनं घर हलकं आणि घट्ट करायचं, मग परसात हात घालायचा.

काम फेब्रुवारी ते मे यात उरका. तुळयांखाली टेकू लावून माती सहा-सहा इंचांच्या थरांनी, दोन्ही टोकांकडून सारखी उतरवा. एकाच बाजूला ढीग केला तर तुळई मोडते. सगळी माती काढून नुसते पत्रे टाकले तर उन्हाळ्यात घरात बसवत नाही. तुळया धड असतील तर जाड प्लास्टिक अंथरून त्यावर सहा इंच माती ठेवा. ओझं तिसऱ्या हिश्श्यावर येतं आणि गारवाही बराच राहतो. वाळवी लागलेली तुळई बदलताना सामाईक भिंतीत तिची खोबण मोकळी राहू देऊ नका. पलीकडे शेजाऱ्याची तुळई त्याच भिंतीवर टेकलेली असते. खोबण त्याच दिवशी विटा आणि 1:6 च्या सिमेंट-वाळूच्या मसाल्याने भरून घ्या.

आता भिंत. दोन-अडीच फूट जाड दिसली तरी आत दोन पदर आणि मधे माती-खडी असते. पदरांना जोडणारे आरपार दगड नसले की भिंत मधून फाटते. ओळंबा लावून फुगवटा शोधा, हातोडीने ठोकून पोकळ आवाज ऐका. मग आडवं-उभं मीटरभर अंतरावर, वरची ओळ खालच्या ओळीपासून अर्धा मीटर सरकवून, हलक्या हाताने दगड काढत तीन इंची आरपार भोकं पाडा. पहार मारून पाडलेलं भोक अख्खा पदर सैल करतं. भोकात दोन्ही टोकं वळवलेली 8 मिमीची सळई ठेवून 1:2:4 (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट भरा आणि किमान दहा दिवस पाणी मारा. भोक शेजाऱ्याच्या घरात निघणार, तेव्हा त्याची लेखी संमती आधी घ्या. नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची परवानगीही.

परसातली खोली स्वतःच्या कॉलमवर उभी करा. जुन्या भिंतीवर तिचा स्लॅब टेकवला की तडा ठरलेला, कारण काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि जुना-नवा पाया सारखा हलत नाही. पाया मुरूम लागेपर्यंत खोदा. मुरूम फारच खोल असेल तर इंजिनिअरकडून पायल फाउंडेशनचं (जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांवरच्या पायाचं) डिझाइन करून घ्या. जुन्या भिंतीलगत तिच्या पायाखाली खड्डा उतरवू नका. पहिला कॉलम चार फूट दूर घ्या आणि मधलं अंतर पुढे काढलेल्या बीमवर पेला. जुन्या-नव्यामधे एक इंच फट ठेवून वर पत्र्याची झाकपट्टी बसवा, मात्र ती एकाच बाजूला ठोका. दोन्हीकडे ठोकली तर पहिल्याच पावसाळ्यात उपटते. फटीत मसाला भरायची गवंड्याला सवय असते, समोर उभं राहून थांबवा.

मधलं दार तीन फुटांपेक्षा रुंद नको आणि कोपऱ्यापासून निदान दोन फूट सोडून. वरच्या तुळयांना आधी टेकू द्या, लिंटल (दारावरची आडवी काँक्रीटची पट्टी) दोन्हीकडे नऊ इंच भिंतीत घ्या, काँक्रीट पिकल्यावरच खालचे दगड काढा.