छोट्या व्यवसायाची वेबसाइट हलकी कशी ठेवाल?

क्लास, दवाखाना किंवा घरगुती खानावळ असो, वेबसाइटवर येणाऱ्याला हवं असतं ते चार ओळींत मावतं: पत्ता, वेळ, दर, फोन नंबर. तेवढ्यासाठी सरकती चित्रं आणि चॅटची खिडकी कशाला?

सगळ्यात जड असतात फोटो. मोबाइलवर काढलेला फोटो सहज ३-४ एमबीचा भरतो. रुंदी १२०० पिक्सेलवर आणून वेबपीमध्ये (फोटोंचा कमी जागा घेणारा फाइल-प्रकार) सेव्ह केला, की बहुतेक वेळा २०० केबीच्या आसपास येतो आणि पाहणाऱ्याला फरक कळतही नाही.

फॉन्टच्या बाबतीत मराठीवाल्यांनी जरा जास्तच जपावं. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल रोमनपेक्षा बरीच मोठी असते, त्यात ठळक, मध्यम, बारीक अशा प्रत्येक प्रकाराची सहसा वेगळी फाइल उतरते. खरं तर अँड्रॉइडमध्ये नोटो आणि विंडोजमध्ये निर्मला यूआय हे देवनागरी फॉन्ट आधीपासून असतातच. सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) नुसतं ‘सॅन्स-सेरिफ’ लिहिलं की भागतं. दिसायला थोडं साधं वाटेल, पण अक्षरं लगेच दिसतील.

नकाशा आणि यूट्यूबचा व्हिडिओ पानात बसवू नका, लिंक द्या. पानात बसवले की ते आपापल्या स्क्रिप्ट (कोडच्या जादा फाइली) ओढून आणतात.

तपासायचं असेल तर कॉम्प्युटरवर क्रोममध्ये एफ१२ दाबून ‘नेटवर्क’ उघडा, कॅशे (ब्राउझरने आधीच साठवलेल्या फाइली) बंद करा, वेग ३जी निवडा आणि पान रीलोड करा. एकूण वजन खाली दिसतं. १ एमबीच्या वर गेलं असेल, तर ‘साइज’वर क्लिक करून यादी लावा आणि सगळ्यात मोठ्या फाइलपासून छाटणी सुरू करा.