एक्स्चेंजचं बिल आणि टीडीएस: ब्रोकरच्या अकाउंट्समध्ये या चुका टाळा

टॅक्स ऑडिटला गेलं की शेअर ब्रोकरच्या पुस्तकांत ‘एक्स्चेंज खर्च’ नावाचं एक खातं हमखास सापडतं. ट्रान्झॅक्शन चार्जेस (सौद्यांवर शेअर बाजार म्हणजे एक्स्चेंज घेतं ती फी), लीज लाइन (एक्स्चेंजशी जोडणारी खास डेटा लाइन), सेबीची टर्नओव्हर फी, दंड, ट्रेनिंगची फी, सगळं त्यातच कोंबलेलं आणि टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर, शून्य. विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: "सर, सुप्रीम कोर्टानं एक्स्चेंजला टीडीएस माफ केलाय."

कोर्टानं असं काहीही म्हटलेलं नाही. 29 मार्च 2016 चा कोटक सिक्युरिटीजचा निकाल ट्रान्झॅक्शन चार्जेसपुरता आहे. 2011 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हे चार्जेस तांत्रिक सेवेची फी ठरवून त्यांना अशा फीवर टीडीएस कापायला लावणारं कलम 194जे लावलं होतं, ते सर्वोच्च न्यायालयानं फिरवलं. त्यामागचं कारण वाचायचे कष्ट कुणी घेत नाही. ट्रेडिंगची ही सोय प्रत्येक सभासदाला सारखीच मिळते, कुणा एकाच्या खास गरजेनुसार बेतलेली नसते आणि ती वापरल्याशिवाय सभासदाला एक्स्चेंजवर धंदाच करता येत नाही. म्हणून ती तांत्रिक सेवा ठरत नाही. पैसे कशापोटी दिले, यावर सगळं ठरतं.

एका ब्रोकरकडे हेच नडलं. एक्स्चेंजच्या समूहातल्याच एका कंपनीनं त्यांना हवा तसा रिस्क रिपोर्ट बनवून, त्यांच्या ऑफिसात बसवून दिला होता. अकाउंटंटनं बिलाच्या माथ्यावरचं नाव पाहिलं आणि रक्कम थेट ‘एक्स्चेंज खर्च’मध्ये टाकली. खास गरजेनुसार बेतलेली सेवा म्हणजे 194जेची थेट केस. टीडीएस न कापल्यामुळे कलम 40(ए)(आयए)खाली 30 टक्के खर्च नामंजूर व्हायची वेळ आली. म्हणजे 10 लाखांच्या बिलावर 3 लाख उत्पन्नात वाढतात. समोरच्या कंपनीनं ते उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवून कर भरला होता, म्हणून तिच्या सीएकडून तसा दाखला, म्हणजे फॉर्म 26ए, मिळवून निभावलं. त्यासाठी किती फोन आणि ईमेल करावे लागले, ते त्या अकाउंटंटलाच विचारा. महिना 1 टक्का व्याज भरावं लागलं ते वेगळंच.

माझी सवय साधी आहे. बिल उघडायचं, प्रत्येक ओळ वाचायची आणि प्रत्येक प्रकाराला वेगळं लेजर (खातं) द्यायचं. नव्या मुलांना हे कंटाळवाणं वाटतं, गेल्या वर्षीची एंट्री कॉपी करून मोकळं व्हायचं असतं. मी ते चालवून घेत नाही.

एक्स्चेंजमार्फत आलेल्या व्हीसॅट (उपग्रहाची जोडणी) आणि लीज लाइनच्या खर्चाबाबत मुंबई उच्च न्यायालयानं 2011 मध्येच एंजल कॅपिटलच्या प्रकरणात ब्रोकरच्या बाजूनं कौल दिलाय. एक्स्चेंजला दूरसंचार विभागाकडे भराव्या लागणाऱ्या रकमेची ती भरपाई मानली गेली. टेलिकॉम कंपनीकडून थेट घेतलेल्या लाइनला मात्र हा निकाल चिकटवू नका.

"पैसे तर परस्पर खात्यातून वळते होतात, मग कापायचं कशातून?" ही दुसरी पळवाट. खर्च पुस्तकात जमा होईल किंवा पैसे दिले जातील, यातलं जे आधी घडेल तेव्हा जबाबदारी येते. टीडीएस स्वतः भरा, तेवढी रक्कम समोरच्याकडून येणं दाखवा आणि सर्टिफिकेट देऊन वसूल करा.

एक्स्चेंज आणि सौद्यांचा हिशेब चुकता करणारं क्लिअरिंग कॉर्पोरेशन या वेगळ्या कंपन्या आहेत, त्यांचे पॅनही वेगळे; म्हणून बिल कुणाचं आहे ते आधी पाहा.

जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल तर त्यावर टीडीएस नाही, 2017 चं सीबीडीटीचं (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं) परिपत्रक 23 पाहा.

तांत्रिक सेवेला 10 टक्के कापणारे अजूनही भेटतात. 1 एप्रिल 2020 पासून तो दर 2 टक्के आहे.

एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर), स्टॅम्प ड्युटी आणि परत मिळणारं डिपॉझिट यांवर टीडीएसचा प्रश्नच येत नाही.

वरची कलमं 1961 च्या आयकर कायद्यातली आहेत. 1 एप्रिल 2026 पासूनच्या 2025 च्या आयकर कायद्यात टीडीएसच्या बहुतेक तरतुदी कलम 393 मध्ये एकत्र केल्यात, तेव्हा सॉफ्टवेअरमधले सेक्शन कोड त्याप्रमाणे बदलून घ्या.