दात गेल्यावर इम्प्लांट: आधी काय तपासावे, नंतर काय पाळावे

दाढ काढल्यावर दुखणे थांबते आणि मोकळ्या जागेचा विचार मागे पडतो. हा उशीर नडतो, कारण चावण्याचा ताण न मिळाल्यामुळे तिथले जबड्याचे हाड झिजू लागते, आणि ही झीज पहिल्या वर्षात सर्वाधिक असते. शेजारचे दात त्या जागेत कलतात, तर विरुद्ध जबड्यातला, त्या जागेसमोरचा दात हळूहळू त्या दिशेने सरकतो. त्यामुळे पुढे काय बसवायचे, ही चर्चा दात काढतानाच डॉक्टरांशी करावी.

काढता-घालता येणारी कवळी सर्वांत स्वस्त पडते. ब्रिज म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने पक्का बसवलेला दात, आणि त्यासाठी ते शेजारचे दात घासून लहान करावे लागतात. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर चढवलेली कॅप, म्हणजे दाताच्या आकाराचे आवरण. हाड टायटॅनियमशी घट्ट जुळते, हे स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांना सशांवरील प्रयोगांत आढळले आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर हे उपचार केले. शेजारचे दात निरोगी असतील तर ते घासण्यापेक्षा इम्प्लांट बरे, असे माझे मत आहे. मात्र त्यांच्यावर आधीच कॅप असतील तर ब्रिजही तितकाच योग्य ठरू शकतो.

इम्प्लांट टिकेल की नाही, हे बव्हंशी शस्त्रक्रियेच्या आधीच्या तयारीवर ठरते. सर्वप्रथम तंबाखू. सोलापुरात आणि आसपासच्या गावांत अनेक स्त्रिया रोज मशेरी लावतात, पण तिला व्यसन मानत नाहीत. त्यामुळे डॉक्टरांनी तंबाखूबद्दल विचारले की उत्तर सहज 'नाही' असे येते. मशेरी ही भाजलेली तंबाखूच आहे. विडी, सिगारेट, गुटखा किंवा मावा यांप्रमाणेच तिचाही उल्लेख स्पष्टपणे करावा, कारण तंबाखूमुळे हिरड्यांचे आरोग्य बिघडते, आणि धूम्रपान करणाऱ्यांत इम्प्लांट हाडाशी न जुळण्याचा धोका वाढतो. सवय शस्त्रक्रियेपुरती थांबवून भागत नाही. ती कायमची सोडावी. घरातल्या वडीलधाऱ्या बाईंना हे सुनावण्यापेक्षा त्यांच्यासोबत दवाखान्यात बसून समजावून घेणे अधिक उपयोगी पडते.

मधुमेह असल्यास तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी चाचणी करून अहवाल सोबत न्यावा. साखर आटोक्यात असेल तर मधुमेहींनाही इम्प्लांट बसवता येते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हाडांच्या ठिसूळपणावरील गोळ्या किंवा इंजेक्शने, आणि जबड्यावर पूर्वी घेतलेले रेडिएशन यांची माहिती न विसरता द्यावी. मात्र कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी त्यांचे उपचार पूर्ण करावेत.

त्यानंतर बहुधा त्रिमितीय स्कॅन केला जातो. खालच्या जबड्यातली नस आणि वरच्या दाढांवरची सायनसची पोकळी स्क्रूपासून किती अंतरावर आहे, ते त्यातून समजते. हाड अपुरे असल्यास हाडाची भर घालावी लागते आणि खर्च व कालावधी दोन्ही वाढतात. म्हणून सांगितलेल्या रकमेत स्कॅन, हाडाची भर, स्क्रू आणि कॅप यांपैकी काय काय धरले आहे, हे लिहून घ्यावे. अक्कलकोट, बार्शी किंवा मंगळवेढ्याहून येणाऱ्यांनी एकूण किती फेऱ्या होतील, तेही विचारावे.

शस्त्रक्रिया बहुधा जागा बधिर करूनच होते. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फाचा शेक घ्यावा, जोराने थुंकू नये आणि चूळ भरू नये. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच गुळण्या कराव्यात. मऊ भात, मुगाची खिचडी, दुधात कुस्करलेली ताजी भाकरी चालते. शेंगाचटणीचे कण टाक्यांत अडकतात आणि कडक भाकरीने जखम दुखावते, म्हणून डॉक्टर सांगेपर्यंत दोन्ही ताटाबाहेर ठेवावीत. रक्त थांबत नसेल, सूज तिसऱ्या दिवसानंतरही वाढत असेल किंवा ओठ वा हनुवटी बधिरच राहिली असेल, तर ताबडतोब कळवावे.

हाड जुळायला साधारणपणे खालच्या जबड्यात तीन, तर वरच्या जबड्यात चार ते सहा महिने लागतात. एका दिवसात दात बसवण्याच्या जाहिराती दिसतात. स्क्रूला सुरुवातीपासून पक्की पकड मिळालेल्या निवडक रुग्णांत ते शक्यही असते, पण आपण त्यांत मोडतो का, हे हाड पाहूनच ठरते. घाईने ताण दिल्यास स्क्रू सैल होऊ शकतो.

कॅप बसल्यावर एक फरक लक्षात ठेवावा. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती दाब ओळखणारे तंतू असतात, ते इम्प्लांटभोवती नसतात. त्यामुळे चावताना जोर जास्त झाला तरी चटकन जाणवत नाही. कडक भाकरी आमटीत मोडून खावी, मटणाचे हाड आणि ऊस त्या बाजूने फोडू नये. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण स्वच्छता राहिली नाही तर भोवतालची हिरडी सुजते आणि हाड झिजते, तेही बहुतेकदा न दुखता. दिवसातून दोनदा ब्रश, फटींसाठी बारीक ब्रश आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने तपासणी, एवढे नेमाने करावे.

इम्प्लांटची कंपनी, माप आणि बॅच क्रमांक असलेले कार्ड किंवा स्टिकर मागून घ्यावे आणि फाइलमध्ये जपावे. मुलांकडे पुण्याला राहायला गेल्यावर कॅप ढिली झाली, तर तिथल्या डॉक्टरांना योग्य सुटा भाग मागवण्यासाठी हीच माहिती लागते.